नाचणीवर चाललेला उजेड

कार्तिक लागून आंबेमोहोराची कापणी सुरू झाली की माझा स्वभाव बिघडतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं नाही ते. एरवी मी शहाण्यासारखी वागते. औषधं वेळेवर घेते, सुनेच्या आमटीला नावं ठेवत नाही, टीव्हीवर जे लागलं असेल ते बघते. पण कापलेल्या भाताचा वास खिडकीतून आत आला की मला कुणी ‘नको’ म्हटलेलं खपत नाही. डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलंय. परवा संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन बसले आणि चहाही वरच मागवला.

गच्चीवरून आता शेत असं थोडंच दिसतं. परंदवडीच्या अंगाला चार खाचरं उरलीत, बाकी पत्र्याची गोदामं आणि आमच्या भिंतीला लागून लग्नाचं एक लॉन. त्या संध्याकाळी तिथं कुणाचा तरी साखरपुडा होता. खांबांवरचे दिवे निळे होत होते, मग जांभळे, मग ढोल वाजला की सगळे दिवे एकदम नवरीकडे माना वळवत होते. दिवेवाला मात्र आमच्या कुंपणापाशी निवांत वडापाव खात उभा.

“अरे, तू इथं,” मी वरून विचारलं, “मग तिकडे दिवे कोण चालवतंय?”

“कुणी नाही, आजी. सगळं आधीच भरून ठेवलंय. आपोआप चालतं.”

मला हसूच आलं. आपोआप म्हणे! आपोआप बांधावरचं गवत तेवढं वाढतं. बाकी जे आपोआप चालताना दिसतं, त्याच्यासाठी कुणीतरी आधी डोकं फोडून घेतलेलं असतं. मी त्याला म्हटलं, “आम्ही नाचणीवर चालवायचो.” त्यानं नुसती मान डोलावली. म्हातारीचं काही मनावर घ्यायचं नसतं, अशी ती मान होती. म्हणून हे लिहायला बसले.

मी लोणावळ्याची. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, बाजारात दिव्यांच्या माळांचं दुकान होतं. गणपतीच्या दिवसांत त्यांच्याकडे रोषणाईची कामं येत आणि त्यात त्यांचा हातखंडा म्हणजे रूळ. मांडीएवढं जाड लाकडी नळकांडं, त्यावर ओळीओळीनं ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या, आणि वरून टेकलेल्या पितळी जिभा. एकेक जीभ म्हणजे एकेक दिवा. रूळ फिरला की ज्या जिभेखाली पट्टी येईल तो दिवा पेटायचा, पट्टी संपली की विझायचा. गणपतीच्या मागचं चक्र गरगर फिरल्यासारखं दिसायचं ते ह्या रुळामुळे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी जेवणं झाली की पट्ट्या ठोकायला बसतात.

लग्न होऊन मी ह्या गावात आले तेव्हा पासष्ट-सहासष्ट साल असेल. घोरावाडी स्टेशनला उतरायचं आणि बांधाबांधानं चालत यायचं. पहिलीच सुगी होती माझी. पहाटे दवानं लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजायचा आणि ऊन वर आलं की तोच काठ वाळून कडक व्हायचा. विळ्याची मूठ पहिल्या दिवशी तळहाताला फोड आणायची, दुसऱ्या दिवशी तो फोडायची. खळं सारवायचं, पेंढ्या झोडायच्या, पाखडायचं. आंबेमोहोराचा वास केसांत, अंथरुणात, चहाच्या कपात. दमून सगळ्या पेंढ्याच्या गंजीला टेकून बसल्या की गंजीतून ऊब यायची, आणि त्या उबेत बायका जे बोलतात ते घरात कधी बोलत नाहीत.

आमच्या डोक्यावरून, उंच लोखंडी मनोऱ्यांवरून, विजेच्या जाड तारा जायच्या. डोंगरापलीकडच्या धरणांची वीज. ती कित्येक वर्षं आम्हाला ओलांडून थेट मुंबईला जात होती. थंडीत त्या तारा गुणगुणायच्या. गावात वीज नुकतीच कुठं आली होती, तीही मोजक्या घरांत. आमच्याकडे झोडणीला येणारी चिमाबाई वर डोंगराच्या उतारावरच्या वाडीतली. तिच्या लोकांची मूळ वाडी त्याच धरणांतल्या एकाच्या पाण्याखाली गेली होती. तारांकडे हनुवटी करून ती म्हणायची, “आमची वाडी बुडाली आन दिवा मुंबैत लागला. बगा कसं असतंय.” हे ती हसत म्हणायची. मला मात्र त्यानंतर त्या तारांकडे सरळ बघवत नसे.

सुगी उरकली की चंपाषष्ठीला गावात नाटक व्हायचं. पुरुषांचं. नायिका व्हायचे माझे थोरले दीर. त्यांची बायको भागाबाई, म्हणजे माझी मोठी जाऊ, गावभर सांगायची, “माज्यापरीस त्यास्नीच नऊवारी बरी नेसता येती.” त्या वर्षी गंजीला टेकून बसलेलो असताना तीच एकदम म्हणाली, “आवंदा आपुन बी करू की नाटक. समद्या बायाच. गडी एक बी न्हाई.”

कुणी हसलं नाही. ज्या गोष्टीला कुणी हसत नाही, ती व्हायचीच असते.

गोष्ट भागाबाईनंच रचली. नवरा वारलेल्या एका बाईचं उभं भात दीर कापू देत नाहीत, ती एकटी विळा घेऊन शेतात उतरते आणि बाकीच्या बाया एकेक करून तिच्या ओळीत येऊन उभ्या राहतात, एवढीच. नाटकाला नाव नव्हतं. गावानं ठेवलं, ‘बायांचं’. म्हणताना ओठ जरासा मुडपायचा.

आता उजेडाचं बघायचं होतं. नाटकाला पुरेल असा विजेचा बोर्ड गावात एकच, मारुतीच्या तालमीत. पुरुषांच्या नाटकाला एक गडी तालमीच्या खिडकीत बसून रंगमंचाकडे बघत खटके वर-खाली करायचा. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, हा तर रिवाजच. आणि पटांगण, तालीम, नाटक ह्या सगळ्याचा कारभार आबांकडे. आबा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे दीर, आमचे चुलत सासरे. मोठा गळा, पांढऱ्या मिशा, आणि गावात शेवटचा शब्द. त्यांच्यापुढे आम्ही सुना दाराआडून बोलायचो.

“करा की नाटक,” आबा म्हणाले. “कोन नगं म्हनतंय? पन दिवं तालमीतनं हायेत. बाई तालमीत पाय टाकत न्हाई, आन आमचा एक बी गडी बायांच्या नाटकाला बोर्डावर बसायचा न्हाई.”

“कंदील लावू,” दाराआडून भागाबाई.

“कंदिलात कोन बगंल तुमास्नी?” बाहेर ओट्यावर बसलेले सगळे हसले.

ते हसणं माझ्या कानात गेलं आणि माझी जीभ सुटली. मी म्हटलं, “आबा, तालमीच्या खिडकीतून एक वायर बाहेर काढून द्या. पुढचं आम्ही बघतो. बोर्डावर कुणी बसायलाच नको.”

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “लोनावळ्याची हाय न्हवं ही? बरं. देतो वायर. पन शॉक लागून एकादी मेली तर गावाच्या नावानं बोंब. म्हनून आईक. वीज चालू झाली की एका बी बाईनं कशाला हात लावायचा न्हाई. वायरीला न्हाई, दिव्याला न्हाई, तू जे काय लाकूड-फिकूड मांडशील त्याला बी न्हाई. लागला हात, की मी मेन खाली वढनार. आन परत ह्या पटांगनात बायांचं नाटक कंदी म्हंजे कंदी व्हनार न्हाई. हाय कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. भागाबाईनं दाराआड मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. त्या दिवसापासून त्या नाटकाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. आबा परवडले, पण आत्याबाईंचं गप्प बसणं मला झेपत नव्हतं.

मी लोणावळ्याला गेले. अण्णांनी एक जुना रूळ काढून दिला, पितळी जिभांच्या चौकटीसकट. मोटर मात्र दिली नाही. “ही गरगर फिरते गं,” ते म्हणाले. “तुझं नाटक चहा निवायच्या आत संपवील. तुला असं काहीतरी पाहिजे, की अख्ख्या नाटकात रूळ एकदाच फिरेल. ते काय, ते मला नाही ठाऊक.” ते मलाही ठाऊक नव्हतं. येताना गाडीत रूळ मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या बाईनं विचारलं, एवढं मोठं लाटणं कशाला?

उत्तर डोंगरावरून चालत आलं. चिमाबाई एका दुपारी डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन खाली आली आणि अंगणात पोचताच शिव्या द्यायला लागली. गाठोड्याला भोक पडलं होतं. मागे वळून बघितलं तर वाटेवर, पार उतारापासून आमच्या दारापर्यंत, नाचणीची एक बारीक लाल रेघ. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. तिची चाल एकसारखी आणि नाचणीचं गळणंही एकसारखं. ती दाणे वेचायला वाकली होती आणि मी त्या रेघेकडे बघत नुसती हसत उभी.

“हासताय काय बाई?” ती चिडून म्हणाली. “माजं पोटाचं सांडलंय.”

मग आम्ही एक पत्र्याचं पिंप घेतलं. बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. पिंपात धान्य भरलं, धान्यावर फुटक्या जात्याचा वरचा दगड ठेवला, दगडाला दोरी बांधली, आणि दोरीचं दुसरं टोक वर टांगलेल्या रुळाच्या दांड्याला गुंडाळलं. खालून धान्य गळत जाईल तसा दगड सावकाश खाली बसेल, दोरी ओढली जाईल, आणि रूळ फिरेल. आधी आम्ही आपल्या खळ्यावरचं भातच घातलं. त्याला टोकं, अंगाला खरखर. दाणे भोकाशी एकमेकांत अडकून बसले आणि रूळ ढिम्म. चिमाबाई म्हणाली, “नाचनी घाला. ती कुनात गुतत न्हाई.” मात्र तिची अट होती, खाली गोणपाट अंथरायचं आणि एकही दाणा वाया जाऊ द्यायचा नाही. नाचणी घातली आणि पिंपाखालून सर्र असा एकसुरी आवाज सुरू झाला. आजही डोळे मिटले की तो मला ऐकू येतो.

खळ्यावर तालमी सुरू झाल्या. तालीम हा शब्द आम्ही मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो. बाया नाटक करत, पिंप गळत असे, रूळ फिरत असे, आणि मी कुंकवाची वाटी घेऊन रुळाशी बसलेली. अमक्या वाक्याला डावा दिवा लागला पाहिजे. टेकव कुंकवाचं बोट. इथं विझला पाहिजे, दुसरं बोट. दोन ठिपक्यांमध्ये तांब्याची पट्टी. पुढच्या वेळी त्याच वाक्याला ती पट्टी जिभेखाली यायलाच हवी. पण कशी येणार? नाचणी ठरल्या चालीनं गळत होती, आणि भागाबाईला एकदा राग चढला की तिची वाक्यं उधळल्या बैलासारखी धावायची. दिवा लागायच्या आत तिचं रडून झालेलं असायचं.

ह्यावर तोड निघाली ती भलरीची. कापणीला सगळ्या ओळीनं वाकतात तेव्हा ते गाणं सगळ्यांचे विळे एका लयीत ठेवतं. कुणी पुढं जात नाही, कुणी मागं राहत नाही. आम्ही ठरवलं, नाटक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मागच्या बायांनी भलरी हलकेच गुणगुणत राहायची आणि बोलणारीनं त्या लयीतच बोलायचं. जन्मभर त्या लयीत वाकलेल्या बाया होत्या. एकदा लय धरली की चुकायच्या नाहीत. नाचणी आणि भलरी जोडीनं चालायला लागल्या आणि मी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

भांडणं झाली ती उजेडाच्या वाटणीवरून. रुळावर कुणाची पट्टी केवढी, हे उघड दिसत होतं. बाया बोटांनी मापून बघायच्या. “माज्या वाट्याला एवडीच?” “हिची बग, केवडी लांब!” भावाभावांत बांधावरून होतात तशी भांडणं. पुरुषांच्या नाटकात खिडकीतला गडी आपल्या दोस्तावर दिवा जास्त वेळ ठेवायचा आणि कुणाला कळायचंही नाही. इथं एकदा ठोकलेली पट्टी सगळ्यांसमोर ठोकलेली. मला ते फार आवडलं होतं. जन्मात पहिल्यांदा ह्या बायांना त्यांच्या वाट्याला काय आलंय ते डोळ्यांनी दिसत होतं आणि त्या त्यासाठी भांडत होत्या. चिमाबाई तेवढी भांडली नाही. तिचं एकच वाक्य होतं, कडेच्या दिव्याखाली. “मला येवडासा उजेड पुरे,” ती म्हणाली. “जास्तीनं डोळं दिपत्यात.”

चंपाषष्ठी आली. पटांगणात पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच झाला. त्याच्या पोटात, फळ्यांच्या खाली, आमचा रूळ आणि नाचणीचं पिंप. तेलाचे रिकामे डबे कापून त्यांत दिवे बसवले. पिंपाच्या भोकाला चिंधीचा बोळा, बोळ्याला दोरी, दोरीचं टोक पडद्याला. पडदा सरकला की बोळा निघणार आणि उजेडाचा प्रवास सुरू होणार. मग कुणाचा हात लागायचा प्रश्नच नाही. वीज यायच्या आधी आम्ही रुळाला हळद-कुंकू वाहिलं. नवीन अवजाराला वाहतात तसं. तेवढ्यात आत्याबाई आल्या. कुणाशी न बोलता वाकून फळ्यांखाली गेल्या, हळद-कुंकू वाहिलं, आणि लगेच निघूनही गेल्या. मला एवढंही पुष्कळ होतं.

दिवेलागणीला माणसं जमली. पुढे आबा आणि त्यांची मंडळी, उजव्या हाताला बायका. आबांनी हात वर केला, तालमीतल्या गड्यानं मेन चढवला. पडदा सरकला. पायांखालून सर्र असा आवाज सुरू झाला. अंधार. भलरीचा पहिला गुणगुणाट. आणि अगदी त्या जागी, त्या श्वासाला, डावा दिवा लागला आणि त्यात विळा घेतलेली भागाबाई उभी होती.

पटांगणात कुणीतरी ‘अगं बया!’ म्हणालं. खिडकीत माणूस नव्हता, खटका वाजत नव्हता, आणि दिवे आमच्यामागे नव्हे, आमच्याबरोबर चालत होते. एक विझायचा, दुसरा पेटायचा आणि त्याखाली बाई तयार. आबा मान वळवून वळवून तालमीच्या खिडकीकडे बघत होते. मी चिमाबाईच्या शेजारी अंधारात उभी होते. माझं काम शेवटी होतं. मला वाटलं, झालं. जिंकलो.

चिमाबाईचं वाक्य आलं. कडेचा दिवा तिच्यावर लागला. ती म्हणाली, “बाई, मी हाय तुज्या वळीत.” आता दिवा विझून मधला लागायचा होता. तो विझेना. माझ्या तळपायांना आधी कळलं. सर्र आवाज थांबला होता.

मधे अंधारात भागाबाई पुढचं वाक्य बोलून गेली. ती दिसतच नव्हती. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. “अडाकलं!” आबांचा मोठा गळा. “अडाकलं ह्यांचं! आता लावा की हात!” ते उठून उभे राहिले, तालमीकडे तोंड करून. मेनवाल्याला खूण करायला नुसता हात उचलायचा बाकी होता. फळ्यांमधल्या फटीतून मला पिंप दिसत होतं, वाकलं तर काठीनं टोचता आलं असतं. आणि टोचलं असतं तर सगळं संपलं असतं. ह्या वर्षाचं नाही, कायमचं. मी चिमाबाईच्या कानाशी पुटपुटले, “नाचणी गुंतली.”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती उजेडात होती, पुऱ्या गावाचे डोळे तिच्यावर. वाडीवरची बाई, जी एरवी ह्या पटांगणाच्या कडेनं जायची. ती पुढं झाली नाही, मागं सरली नाही.

“हसताय कशाला?” ती म्हणाली. नाटकात हे नव्हतं. “ह्यो दिवा माज्या वाडीच्या पान्याचा हाय. आमी बुडालो तवा ह्यो पेटला. आज पयल्यांदा माज्या अंगावर पडलाय. पडू द्या वाईच. मी हालनार न्हाई.”

आणि मग तिनं पाय आपटला. त्यांच्या वाडीत नाचताना आपटतात तसा, टाचेनं, फळीवर. पुन्हा. पुन्हा. “गाठुडं गुतलं तर आपटावं लागतंय, बायांनू!” ती ओरडली. मी तिचा हात धरला. अंधारातून भागाबाई आली, मागच्या सगळ्या आल्या. हातात हात, आणि सगळ्यांचे पाय एकदम. भलरी आता गुणगुणणं राहिली नव्हती, गळे फाडून चालली होती. फळ्या दणाणल्या. खालची पिंपं दणाणली. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. मला रडू येत होतं आणि पाय थांबत नव्हते.

सर्र.

कडेचा दिवा विझला, मधला लागला. उजेड थांबला होता तितका वेळ नाटकही थांबलं होतं, त्यामुळे काहीच पुढंमागं झालं नव्हतं. भागाबाई मधल्या दिव्याखाली जाऊन उभी राहिली आणि धापा टाकत आपलं वाक्य पुन्हा म्हणाली. मग शेवटचा सगळा उजेड, सगळ्या पट्ट्या एकदम, आणि सगळ्या एका ओळीत वाकलेल्या.

पडदा पडल्यावर आबा रंगमंचापाशी आले. “न्हाई चालनार. शर्त मोडली तुमी. हालवलं तुमी ते. परत हितं नाटक न्हाई.”

सासऱ्याला उलट कसं बोलायचं? तेवढ्यात उजव्या हाताला बायकांत हालचाल झाली. आत्याबाई उठल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरला, आणि सगळ्या गावासमोर आपल्या धाकट्या दिराला म्हणाल्या, “भावजी, शर्त हाताची व्हती. पायाचं तुमी बोलला न्हाईत.”

आधी बायका हसल्या, मग पुरुष. आबा काही बोलायला गेले, पण त्या हसण्यात त्यांचा मोठा गळा पहिल्यांदाच पुरा पडला नाही. माझे थोरले दीरही हसत होते, ही गोष्ट भागाबाईनं पुढं कित्येक वर्षं त्यांना ऐकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावरची नाचणी गोळा करताना चिमाबाईला तीत भाताचे दाणे सापडले. हळद लागलेले. पिंपात भात घालायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एक सोडून. आत्याबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. त्यांनी विचारलं, “नव्या भाताची मूठ घातली व्हती मी त्यात. रित्या ओटीनं बाईनं बाहीर पडू ने. लागली का कामाला?”

त्या इतके दिवस का बोलल्या नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं. त्यांना बोलायला जमत नव्हतं. मूठ भरायला जमली. सगळं नाटक बुडवायला निघालेली ती मूठ, पण तिच्यावर रागवायचं कसं?

“लागली, आत्याबाई,” चिमाबाईच म्हणाली. “लय कामाला लागली.”

लोक मला सांगतात की आता तुमच्या वेळेसारखं राहिलं नाही, आता बायांना सगळं मोकळं आहे. असेल. मला एवढंच माहीत आहे की आम्हाला कुणी काही मोकळं करून दिलं नाही. त्या एका सुगीत आम्ही उजेड मागितला तेव्हा आम्हाला एक वायर मिळाली आणि एक अट मिळाली. बाकी सगळं आम्ही खळ्यावर बसून जोडलं.

पुढच्या सुगीला आबांनी नवी शर्त तयार ठेवली होती म्हणे. हात नाही, पाय नाही, आणखी बरंच काही. ती त्यांच्यापाशीच राहिली. भात झोडून झाल्यावर एका सकाळी आम्ही सगळ्या त्यांच्या ओट्यावर गेलो. विचारायला नव्हे. चंपाषष्ठीला आमचं नाटक आहे, पटांगण झाडून ठेवा, हे सांगायला. दाराआड कुणी थांबलं नाही. आणि सगळ्यांच्या पुढं, कुणाचीही वाट न बघता, आत्याबाई चालत होत्या.